ऊन अडवायचे कुठे?

एप्रिल लागला की मेहकर-लोणार पट्ट्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांत एक मागणी हमखास येते. घरावर टिनपत्रे आहेत, दुपारी आत बसवत नाही, काहीतरी द्या. दुकानदार शिल्लक असेल ते पुढे करतो: बुडबुड्यांची चंदेरी शीट, थर्माकोलच्या लाद्या, पांढऱ्या रंगाचा डबा, पीव्हीसी पट्ट्यांचे फॉल्स सीलिंग, आणि गिऱ्हाईक ऐपतदार दिसले तर पफ पॅनेलचे रंगीत पत्रक. सगळ्यांवर ‘हीटप्रूफ’ किंवा ‘हीट शील्ड’ लिहिलेले असते. त्यातले कुणीच तसे खोटे बोलत नाही. पण प्रत्येकाचे काम वेगळे आहे, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेले की पैसे जातात नि उकाडा तसाच राहतो. चंदेरी शीट पत्र्याला चिकटवून बसवणारे आणि मग तिला शिव्या देणारे लोक पुष्कळ भेटतात. बिघडलेले असते ते चिकटवण्यात.

उदाहरणाला सुलतानपूर घेऊ, लोणार तालुक्यातले गाव. मेहकरहून लोणारला जाताना दहा-बारा किलोमीटर अलीकडे लागते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, म्हणून जिल्ह्याच्या नावाला थंड हवेची थोडी कीर्ती चिकटली आहे. मेच्या दुपारी इकडे ती कामाला येत नाही. शेजारच्या अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तेव्हा उन्हापायी तिथल्या प्रशासनाला जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. दंगल नाही, निवडणूक नाही, निव्वळ ऊन.

या अक्षांशाची एक गंमत आहे. लोणार जवळजवळ बरोबर वीस अंश उत्तरेवर आहे. २० मेच्या आसपास दुपारचा सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. म्हणजे ऐन उन्हाळ्यात ऊन भिंतींना जेमतेम चाटून जाते आणि सगळा मारा छप्पर एकटे झेलते. दक्षिणेच्या भिंतीवर तर त्या दिवसांत ऊन जवळपास पडतच नाही. म्हणून एकमजली घर गार करायचे तर पहिला रुपया छपरावर घालावा. पश्चिमेची भिंत तेवढी अपवाद, पण तिच्यापुढे एखादे शेवग्याचे झाड किंवा हिरवी जाळी पुरते.

मारा किती? स्वच्छ आभाळात मेच्या दुपारी दर चौरस मीटरवर साधारण हजार वॅट. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. एवढ्याशा घराच्या डोक्यावर पंचवीस हजार वॅट ऊन पडते. दीड टनाचा एसी खोलीतली साधारण सव्वापाच हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. तेव्हा हा हिशेब पाच एसींचा झाला. यातले सगळे आत उतरत नाही, बरेचसे वारा उचलून नेतो. तरी आपण कुणाशी भांडतो आहोत ते या आकड्यावरून कळते, आणि भांडण छपराच्या आतल्या बाजूला सुरू करणे किती उशिराचे आहे तेही.

गंजलेला पत्रा किंवा शेवाळाने काळा पडलेला स्लॅब यातले सत्तर-ऐंशी टक्के ऊन पितो. चुन्याचा ताजा हात किंवा चांगला पांढरा रंग वीस-तीस टक्केच घेतो आणि बाकीचे आल्या वाटेने परत लावतो. म्हणजे निम्मे ऊन उष्णता होण्याआधीच गेले. हे काम कितीही जाड थर्माकोलला जमणारे नाही, कारण थर्माकोलची गाठ पडते ती पत्रा तापून झाल्यावर.

मग नवा चकचकीत पत्राही ऊन परतवतोच की, त्याला पांढरा रंग कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ऊन परतवणे हे अर्धे काम झाले. जे थोडे शोषले गेले ते तापलेल्या पृष्ठभागाने पुन्हा आभाळाकडे सोडून द्यायला हवे. पांढरा रंग आणि चुना हे काम नव्वद टक्के क्षमतेने करतात. उघडा चकचकीत धातू त्यात फार चिक्कू. म्हणून उन्हात ठेवलेले स्टीलचे भांडे लखलखते आणि हातही भाजते. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत सपाट छपरासाठी दोन्ही आकडे मागितले आहेत ते याच कारणाने: ऊन परतवण्याची क्षमता किमान ०.६० आणि उष्णता सोडण्याची किमान ०.९०. डबा घेताना दोन्ही विचारावेत. दुकानदाराला सांगता आले नाहीत तर साधा चुना बरा.

चुन्याचे शास्त्र मात्र स्लॅबपुरते. सिमेंटच्या गच्चीवर चुना डिंक किंवा फेव्हिकॉल घालून मारला तर एक उन्हाळा सहज काढतो. पावसात धुपला तरी बिघडत नाही, कारण पावसाळ्यात त्याची गरजच नसते. पत्र्यावर तो नीट धरत नाही, आणि ओल्या चुन्याचा क्षार पत्र्यावरचे जस्त खातो. पत्र्याला बाहेरच्या भिंतीचा पांढरा ॲक्रिलिक रंगच लावावा, आणि तोही गंज खरवडून, प्रायमर मारून. काळ्या मातीच्या मुलखात दुसरा शत्रू धूळ. एका हंगामात छप्पर मळकट होते आणि निम्मा फायदा धुळीखाली जातो. मार्चअखेर एकदा झाडणीने नि पाण्याने धुतले की तो परत मिळतो. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून वस्त्यांतली छपरे पांढरी करायचे काम हाती घेतले, तेलंगणाने २०२३ ते २०२८ साठी शीत छपरांचे स्वतंत्र धोरणच आणले. दोन्हीकडे पहिली पायरी हीच आहे, कारण सगळ्यात स्वस्तही हीच.

रंगाहूनही सरस एकच गोष्ट: छपरावर सावली. फूट-दीड फूट उंचीवर लाकडी वासे उभे करून त्यावर हिरवी शेडनेट ताणली की ऊन जाळीवर तापते, मधल्या फटीतून वारा वाहतो आणि पत्र्याला ताप बराच कमी पोचतो. कोंबड्यांचे शेड असणाऱ्यांना हे कुणी शिकवावे लागत नाही. ब्रॉयलर पक्षी पाऱ्याने चाळिशी ओलांडली की धापा टाकत मरतात, तेव्हा ते लोक पत्र्यावर कडबा किंवा गवत पसरतात, वर ठिबकची नळी सोडून ते भिजत ठेवतात. उकाड्याचा हिशेब त्यांच्याइतका रोख कुणी मांडत नाही. आपल्या घरात माणूस नुसता कण्हतो, त्याचे वजन कुणी रोज करत नाही. कडब्याचा धोका मात्र उघड आहे. पाणी थांबले आणि ठिणगी पडली की शेड गेले.

आता पत्र्याच्या आतल्या बाजूला येऊ, कारण पुष्कळांना वरचे काम करता येत नाही. घर भाड्याचे असते, किंवा पत्रे इतके जुने की वर चढायची सोय नसते. मेच्या दुपारी उघडा पत्रा साठ-पासष्ट अंशांपर्यंत सहज जातो. खाली खाटेवर पडलेल्या माणसाला जे भाजते त्यात हवेचा वाटा थोडा. पत्रा अदृश्य किरणांनी थेट अंगावर उष्णता फेकत असतो, आणि पंखा लावून ती हटत नाही कारण वाऱ्याने किरण वळत नाहीत. हिशेब करता येतो. पासष्ट अंशांचा गंजका पत्रा पस्तीस अंशांच्या अंगावर चौरस मीटरला दोनशेच्या वर वॅट फेकतो. पत्रा नवा आणि जस्ताने चकचकीत असेल तर तोच आकडा साठच्या आसपास येतो. पत्रा जसा जुना होतो तशी घराची तलखी वाढते असे लोक म्हणतात, त्यात भ्रम काही नाही. आणि खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची स्वच्छ फॉइल असेल तर आकडा दहा-बारावर येतो.

चंदेरी शीट ती हीच, आणि तिची अट एकच: तिच्या चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी फट हवी. फॉइल पत्र्याला चिकटली तर पत्र्याची उष्णता तिच्यात स्पर्शाने येते. मधले बुडबुडे काही मिलिमीटर जाडीचे, ते कितीशी अडवणार? तरीही खालची बाजू चकचकीत आणि उघडी राहिली तर काही उपयोग होतो. पण सोफ्याच्या रेक्झिनसारखी दिसू नये म्हणून तिच्याखाली पीव्हीसी पट्ट्या घट्ट ठोकल्या की तोही जातो. पत्र्यापासून दोन-तीन इंच सोडून, तारेवर ताणून, चकाकी खाली ठेवून बांधावी. खाली तोंड केलेल्या फॉइलवर धूळ बसत नाही, हा आणखी एक फायदा. आणि फटीतली तापलेली हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंतीत झरोके ठेवावेत; फट बंद ठेवली तर ती हवा तिथेच शिजत राहते.

फॉइल परवडत नसेल तर? पूर्वी घरात आढ्याखाली कापडी चांदवा किंवा बांबूच्या तट्ट्या बांधत. साध्या कापडाने किंवा तट्टीनेही पत्र्याची किरणे जवळपास निम्मी होतात, कारण पत्रा तिला तापवतो आणि ती तेवढीच उष्णता खाली-वर वाटून टाकते. फुकटात मिळालेला निम्मा फायदा म्हणजे थोडका नव्हे. तट्टी शेणामातीने लिंपली तर उंदरांचा रस्ताही थोडा बंद होतो.

यानंतर खऱ्या अर्थाने रोधक म्हणावेत असे पदार्थ: थर्माकोल, ग्लासवूल, रॉकवूल, पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम. यांचे काम उष्णतेची वाट लांबवण्याचे. प्रत्येकाच्या पोटात स्थिर हवा कोंडलेली असते, आणि अडवते ती हवाच; पदार्थ नुसता तिला हलू देत नाही. म्हणून थर्माकोल, ग्लासवूल, रॉकवूल यांचे उष्णता वाहून नेण्याचे आकडे जवळजवळ सारखे, ०.०३५ ते ०.०४ च्या आसपास. पफ थोडा सरस, ०.०२३. काँक्रीटचा आकडा १.६. म्हणजे इंचभर थर्माकोलशी बरोबरी करायला काँक्रीट मीटरभराहून जाड लागेल.

सहा इंची स्लॅबमधून, आतले-बाहेरचे तापमान एका अंशाने वेगळे असले की चौरस मीटरला साधारण ३.३ वॅट झिरपतात. नुसत्या पत्र्याचा हाच आकडा पाचच्या जवळ. सरकारच्या निवासी इमारतींच्या संहितेने, २०१८ च्या इको निवास संहितेने, छपरासाठी १.२ ची मर्यादा घातली आहे. स्लॅबवर फक्त वीस मिलिमीटर थर्माकोल टाकला तरी ती गाठता येते. दोन इंच टाकला तर आकडा ०.६ च्या खाली जातो. पहिल्या इंचात जे मिळते ते चौथ्या इंचात मिळत नाही, हे विकणारा सांगत नाही. गच्चीवर करतात तो विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा हा आकडा ३.३ वरून २.३ वर आणतो. कोबा पाण्यासाठी करावा. उकाड्याचे म्हणाल तर तो अर्ध्यावर सोडतो. आणि ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे. सुलतानपूरच्या गल्लीतले एकही साधे घर तिच्या कक्षेत येईल असे वाटत नाही. जिथे ऊन सर्वांत जास्त लागते तिथे नियम पोचत नाही.

आणि आता धाबे. आपल्याकडचे जुने घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर फूटभर माती आणि दर पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा हात. मराठवाड्यात याला माळवद म्हणतात. मातीचा आकडा ०.६ धरला आणि फळ्यांचा इंचभर थर मोजला तर फूटभर धाब्यातून झिरपणारी उष्णता १.१ वॅटच्या आसपास येते. दिल्लीत २०१८ साली जी मर्यादा ठरली ती आपल्या आज्यापणज्यांची धाबी एकही आकडा न वाचता पाळत होती! शिवाय वरची माती पांढरी, म्हणजे रंगाचे काम आधीच झालेले. शिवाय जडपणा. दुपारी दोनचे ऊन फूटभर माती ओलांडून आत यायला दहा-अकरा तास घेते. ते पोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि तोवर घरातली माणसे अंगणात बाजा टाकून झोपलेली असतात. स्लॅबला हाच उशीर चार तासांचा. म्हणून तो संध्याकाळी सहा-सातला, नेमका स्वयंपाकाच्या वेळी, आग ओकू लागतो.

पण धाब्यावर हळवे होण्याआधी वजन करावे. फूटभर मातीचे छप्पर चौरस मीटरला पाचशे किलो भरते. पत्रा चार-पाच किलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दगडामातीच्या भिंतींवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली आणि हजारो जीव गेले. त्यानंतर लोकांनी पत्रा आणि स्लॅब निवडला तो निव्वळ शहरी दिसण्याच्या हौसेने निवडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. धाब्याला वर्षाला माती लागते, माती टाकणारे हात लागतात, वाळवी नि उंदरांची राखण लागते. हलके छप्पर आले हे चांगलेच झाले. बिघडले ते इतकेच की धाबे जी तीन कामे एकटे करत होते, ऊन परतवणे, उष्णता अडवणे आणि तिला रात्रीपर्यंत उशीर लावणे, त्यातले पत्र्याने एकही घेतले नाही आणि आपणही ती दुसऱ्या कुणाला वाटून दिली नाहीत.

‘हीट शील्ड’ हा शब्द दुकानात आला तो अवकाशातून, आणि तिथला कारभार पाहिला की उशीर म्हणजे काय ते नीट समजते. सुलतानपूरच्या शेजारचे लोणार सरोवर हे उल्काघाताने बेसाल्टमध्ये पडलेले विवर, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचे. तो पाषाण इतका मोठा होता की वातावरणाला तो आवरला नाही. लहान उल्का मात्र वाटेतच झिजतात: पुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते, दगडाचा वरचा थर वितळून उडून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. जमिनीवर सापडलेल्या उल्कापाषाणाला वरून पातळ काळे कवच असते आणि आतला दगड तसाच राहिलेला. अपोलो यानांचे कवच याच युक्तीवर चालले. सेकंदाला अकरा किलोमीटर वेगाने परतताना त्यांचा रेझिनचा थर जळत, झिजत गेला आणि आतले तिघे सुखरूप उतरले. यानाचे नाक टोकदार न करता बोथट ठेवावे म्हणजे तापलेली हवा पुढेच अडून राहते, हे १९५१ साली अमेरिकेच्या एम्स प्रयोगशाळेत हार्वे ॲलन यांनी दाखवले होते.

इस्रोने हे सिद्ध केले ते १० जानेवारी २००७ ला पीएसएलव्ही-सी७ वरून पाठवलेल्या छोट्या कुपीवर. बारा दिवसांनी, २२ जानेवारीला, ती बंगालच्या उपसागरात उतरली. तिच्या अंगावर जळणारा थर होता आणि सिलिकाच्या लाद्याही होत्या. सिलिकाची लादी जवळजवळ सगळी हवाच. बाहेरून लाल झाली तरी आत उष्णता पोचायला वेळ लागतो, आणि कुपीचा जळता प्रवास काही मिनिटांचाच असतो. तेवढा उशीर तिला पुरतो. विदर्भातले ऊन दिवसाला अकरा-बारा तास चालते, आणि दुसऱ्या दिवशी परत येते. इथे नुसता उशीर पुरणार नाही. ऊन वरच परतवावे लागते, आणि रात्रीही उष्णतेला बाहेरची वाट ठेवावी लागते. अवकाशयानाच्या नावाने विकलेली चंदेरी शीट घेताना हा फरक लक्षात असावा.

तिकडच्या दोन अपघातांचा उल्लेख करायला हवा, कारण दोन्ही आपल्या विषयाचे आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ ला पीएसएलव्ही-सी३९ चे नाकावरचे उष्णतारोधक कवच वेळेवर उघडलेच नाही आणि आयआरएनएसएस-१एच उपग्रह आतच अडकून वाया गेला. कवच जितके मजबूत तितके ते नेमक्या वेळी दूर होणेही गरजेचे. दुसरा १ फेब्रुवारी २००३ चा, ज्यात कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. त्यांच्या कोलंबिया यानाच्या पंखाला उड्डाणाच्या वेळी भोक पडले ते इंधनटाकीवरच्या रोधक फोमचा तुकडा सुटून आदळल्यामुळे. एका रोधकाने दुसऱ्याचा घात केला. रोधक निवडताना त्याचा आकडा पाहतात. तो धरून कसा राहणार, सुटला तर कुठे पडणार, हे कुणी पाहत नाही.

घरात हाच प्रश्न आगीचा होतो. थर्माकोल पंचाहत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडू लागतो. पासष्ट अंशांच्या पत्र्याला तो थेट चिकटवला तर फारशी जागा उरत नाही. काही उन्हाळ्यांत तो आकसतो, गोंद सुटतो, लाद्या लोंबू लागतात. आणि पेटला तर काळा विषारी धूर काढत वितळते थेंब खाली टाकतो. पफही पेटतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली तेव्हा बाहेरून लावलेल्या आवरणानेच ती मजल्यामजल्यांवर नेली. ७२ माणसे गेली. जिथे चूल आहे, देवापुढे दिवा आहे, वायरिंग उघडे आहे, तिथे उघडा थर्माकोल छताला लावू नये. लावायचाच तर आगरोधक दर्जाचा घ्यावा, आणि खाली जिप्समचा बोर्ड किंवा प्लास्टर हवेच.

रॉकवूल आगीला घाबरत नाही. सहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत त्याला काही होत नाही. ते बनते बेसाल्टपासून, म्हणजे आपल्या शेतांच्या बांधावर ढीग लागलेल्या काळ्या पाषाणापासून. दीड हजार अंशांना तो वितळवतात आणि जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखा फिरवून त्याचे धागे काढतात. लोणारच्या विवराचा खडक आणि कारखान्यातल्या स्टीमलाइनवरचा गादीसारखा थर एकाच जातीचे, ही जोडी मला नेहमी आवडते. त्याची उणीव पाण्याची. ग्लासवूल असो की रॉकवूल, एकदा भिजले की पोटातल्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी उष्णता हवेच्या वीसपटीहून जास्त वाहते. गळक्या पत्र्याखाली ते घालणे म्हणजे पहिल्याच पावसात पैसे बुडवणे. धागे अंगाला नि घशाला टोचतात, म्हणून उघडेही ठेवता येत नाही. इंजिन, बॉयलर, गुऱ्हाळाची धुराडी अशा ठिकाणचा विचार याच रांगेत पुढे जातो: सातशेच्या वर सिरॅमिक फायबर, आणि ट्रॅक्टरच्या सायलेन्सरजवळ तर रोधकही नको, अर्धा इंच फट सोडून बसवलेला साधा वाकडा पत्रा पुरतो. ती जुनी फटीची युक्तीच.

रात्रीचे एक राहिले. कोरड्या मुलखात रात्र हा फुकटचा एसी आहे. आभाळ स्वच्छ, हवेत दमटपणा नाही, त्यामुळे पत्रा सूर्यास्तानंतर तासाभरात गार पडतो. पहाटे तीनला पत्र्याचे घर स्लॅबच्या घराहून सुखाचे असते. पण छताखाली जाड रोधक घालून खिडक्या बंद ठेवल्या तर दिवसभर आत साठलेली उष्णता, चुलीची, माणसांची, टीव्हीची, बाहेर पडायला वाट शोधत बसते. एसीच्या खोलीला खालून लावलेला रोधक योग्य. तिथे बंद ठेवायचेच असते. बिनएसीच्या घराला तो स्लॅबच्या वर हवा, म्हणजे स्लॅब उन्हापासून वाचतो, फुगून-आकसून तडकत नाही, आणि रात्री खिडक्या उघडल्या की स्वतःच गारवा साठवतो. आणि कूलर? कोरड्या मे महिन्यात तो विदर्भाचा खरा मित्र, फक्त त्याच्या हवेला बाहेर जायला उघडी खिडकी द्यावी लागते. बंद खोलीत तो हवा नुसती दमट करतो.

तेव्हा निवड करायची ती घर पाहून. पत्र्याचे भाड्याचे घर: तट्टी किंवा फॉइल, फटीसह, दोन झरोके, उन्हाळा संपल्यावर गुंडाळून नेता येते. स्वतःचे पत्र्याचे घर: पत्र्यावर पांढरा रंग, जमल्यास जाळी, मग आतून फॉइल. थर्माकोल अगदी शेवटी, तोही झाकून. स्लॅबचे घर: यंदा चुना, आणि पुढच्या वेळी वॉटरप्रूफिंग उकरायची पाळी आली की त्याच कामात खाली दोन इंच घट्ट थर्माकोल किंवा त्याच्याच जातीचे एक्सपीएस टाकून वर कोबा, त्यासाठी वेगळा गवंडी बोलवावा लागत नाही. नवे घरकुल बांधत असाल तर स्लॅब ओतायच्या आधीच पश्चिमेला ओसरी ठेवा आणि छप्पर भिंतीच्या बाहेर दोन फूट काढा. पफ पॅनेल गोदामाला आणि शीतगृहाला शोभते. आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना रोधक समजू नये. त्यांतल्या ॲस्बेस्टॉसला भोके पाडणे, घासणे, तोडणे तर टाळावेच. धूळ फुप्फुसात बसते.

काम झाल्यावर उपयोग झाला की नाही हे आजकाल बंदुकीसारख्या तापमापकाने पाहता येते. दुकानदारही तो दाखवतात, आणि इथे सावध राहावे. वर उन्हात पसरलेल्या चंदेरी शीटवर तो रोखला की आकडा थक्क करणारा कमी येतो, कारण चकाकत्या पृष्ठभागात त्याला शीट दिसत नाही, तिच्यातले आभाळाचे प्रतिबिंब दिसते. शीटवर काळ्या इलेक्ट्रिक टेपचा बोटभर तुकडा चिकटवावा आणि त्याच्यावर रोखावे. खरे तापमान तिथे कळते. घरातल्या घरात मात्र छताच्या खालच्या फॉइलवर थेट रोखले तरी चालेल, कारण तिथे आपल्याला फॉइल किती तापली हे नको असते, तिच्याकडून अंगावर किती येते तेवढेच हवे असते. दुपारी दोनला एकदा आणि रात्री दहाला एकदा, काम करण्याआधी आणि नंतर, असे चार आकडे कागदावर लिहून ठेवले तर पुढच्या एप्रिलमध्ये कोणता डबा घ्यायचा ते दुकानदाराला विचारावे लागत नाही.